अलास्काची ‘पड’ जमीन आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. तालमीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून आणि शेवटी मामेभावाकडून. त्याने खाली लिहिलं होतं, ‘तू भूगोल शिकवतोस, मग सांग की यात काय खोटं आहे.’

मेसेज थोडक्यात असा. अलास्कात अमेरिकन सरकारची दोन कोटी एकरांहून जास्त जमीन रिकामी पडून आहे, तिथं बर्फाशिवाय काही नाही. तिचं नावच ‘नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्ह’, म्हणजे कायद्यानं ती तेलासाठीच ठेवलेली. खाली किती तेल आहे तेही मोजून झालंय. तरी शंभर वर्षं आराखडे, सुनावण्या आणि कोर्टकचेऱ्यांत गेली, आणि म्हणून आपण पंपावर लिटरला शंभराच्या वर मोजतोय. मग शेवटची ओळ: ‘आपल्या सह्याद्रीवरच्या ओसाड सड्यांचंही पर्यावरणवाल्यांनी हेच करून ठेवलंय.’

मामेभावाला फोनवर दोन वाक्यांत सांगून भागलं असतं. पण ती शेवटची ओळ आपल्या राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या सड्यांबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांबद्दल आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

‘रिकामी जमीन, बर्फाशिवाय काही नाही’

ही जमीन साधारण 93,000 चौरस किलोमीटर आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यासारखे बारा जिल्हे तीत बसतील. एवढ्या मुलखात मोजकीच गावं आहेत, हे खरं. पण मोजकी म्हणजे शून्य नव्हे. उत्तर टोकाला उत्कियाग्विक हे काही हजार वस्तीचं गाव आहे. पूर्वेला कोलव्हिल नदीकाठी नुइक्सुत आहे, वस्ती पाचेकशे. इनुपियात या तिथल्या मूळ रहिवाशांची सत्तावीस कुटुंबं 1973 मध्ये आपल्या जुन्या जागेवर परत आली आणि त्यांनी हे गाव पुन्हा वसवलं. त्यांचं पोट आजही बऱ्याच अंशी कॅरिबू, मासे आणि व्हेल यांवर चालतं. दुकानात माल मिळतो, पण तो विमानानं किंवा बोटीनं येतो आणि त्याचा दर तसाच असतो.

कॅरिबू म्हणजे तिकडचं रानटी रेनडिअर. टेशेकपुक नावाचं एक विशाल सरोवर आहे, त्याच्या भोवती एका मोठ्या कळपाच्या माद्या दर उन्हाळ्यात वितात. त्याच सरोवराच्या परिसरात हजारो रानहंस पिसं टाकायला येतात. पिसं गळल्यावर नवी येईपर्यंत त्यांना उडता येत नाही, त्यामुळे तेवढे आठवडे त्यांना निवांत पाणवठा लागतो. वरून हेलिकॉप्टर घिरट्या घालत असेल तर उडून दूर जाण्याची सोय त्यांना नाही. पश्चिमेकडे उटुकोक नदीच्या डोंगराळ भागात दुसऱ्या मोठ्या कळपाची वीण होते. हा कळप 2003 मध्ये 4 लाख 90 हजारांच्या घरात होता, 2023 मध्ये दीड लाखाच्या आसपास उरला. ही घट तेलामुळं झाली असं मी म्हणत नाही, त्या भागात तेलाच्या विहिरी चालू नाहीत. पण जो कळप आधीच घसरतोय, त्याच्या विणीच्या जागेत रस्ता काढायचा की नाही हे आधी बसून ठरवावं लागतं. आराखडा म्हणतात तो एवढ्यासाठीच.

आणि तिथली जमीनसुद्धा साधी नाही. खाली ती कायमची गोठलेली, वर वीतभर गवत-शेवाळ्याचा थर. तो थर फाटला की खालचा बर्फ वितळतो आणि जमीन खचते. नौदलानं 1940 च्या दशकात तिथं अवजड गाड्या फिरवल्या, त्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. म्हणून आता अवजड वाहतूक हिवाळ्यातच होते, तीही तळ्यांतलं पाणी पसरून गोठवलेल्या बर्फाच्या रस्त्यांवरून. वसंतात रस्ता वितळून जातो. कुठल्या तळ्यातून किती पाणी उपसायचं, खाली माशांना किती उरलं पाहिजे, हे ठरवून द्यावं लागतं. हिवाळे आखूड होत चालल्यानं हे रस्ते वापरायचे दिवसही कमी होत आहेत.

‘नावातच पेट्रोलियम आहे, कायदा तेलासाठीच आहे’

नावात ‘रिझर्व्ह’ही आहे, आणि त्याचा अर्थ राखीव. 1923 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी ही जमीन नौदलासाठी राखून ठेवली. जहाजं कोळशावरून तेलावर आली होती आणि अडीअडचणीच्या काळासाठी साठा हवा होता. घरात बियाणं वेगळं काढून ठेवतात तसं ते होतं.

पुढे 1976 च्या कायद्यानं ही जमीन नौदलाकडून काढून गृहखात्याकडे दिली. हे आपल्यासारखं पोलिसांचं गृहखातं नव्हे, तिकडे ते सरकारी जमिनी सांभाळतं. मेसेज लिहिणाऱ्यानं हा कायदा वाचलेला दिसत नाही. त्या कायद्यानं तेलाचा शोध घ्यायला परवानगी दिली, पण उत्पादनाला संसदेच्या पुढच्या मंजुरीपर्यंत मनाईच केली. शिवाय टेशेकपुक सरोवर आणि उटुकोक नदी यांची नावं कायद्यात घालून, तिथं शोध घेताना जमिनीवरच्या वन्यजीवांना आणि इतर मूल्यांना जास्तीत जास्त संरक्षण द्यायचं असं बजावलं. भाडेपट्टे द्यायला संसदेनं मोकळीक दिली ती 1980 मध्ये. म्हणजे तेल आणि संरक्षण ही दोन्ही कामं एकाच कायद्यानं एकाच खात्यावर टाकली. दोन्ही एकाच जमिनीवर कशी बसवायची, याचा कागद म्हणजे आराखडा.

जाता जाता एक. मेसेजसोबत जो ध्रुवीय अस्वलाचा फोटो आहे, त्याच्याखाली ‘आर्क्टिक रेफ्यूज’ असं नाव आहे. ती जागा वेगळी. ते अभयारण्य या राखीव क्षेत्राच्या पूर्वेला, मधला मुलूख ओलांडून आहे, आणि त्याचा कायदाही वेगळा. तिथल्या किनारी पट्ट्यात तेलाच्या भाडेपट्ट्यांसाठी जानेवारी 2025 मध्ये लिलाव काढला तेव्हा एकही बोली आली नाही. तेलासाठी सगळे टपून बसलेत आणि फक्त कागद आडवा येतोय, ही समजूत त्या लिलावाशी तरी जुळत नाही.

‘तेल किती आहे ते मोजून झालंय’

हा सगळ्यांत कच्चा मुद्दा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं 2002 मध्ये या क्षेत्रात काढता येण्याजोगं तेल सरासरी 1,060 कोटी पिंपं असेल असा अंदाज दिला. पुढच्या काही वर्षांत तिथं विहिरी खोदल्या गेल्या, आणि जिथं तेल अपेक्षित होतं तिथं बऱ्याच ठिकाणी वायू निघाला. 2010 मध्ये त्याच खात्यानं अंदाज 89.6 कोटी पिंपांवर आणला. दहा हिश्शांतले नऊ हिस्से गेले. मग काही मोठे नवे साठे सापडले, खडकांच्या दोन थरांचा नव्यानं अभ्यास झाला, आणि 2017 मध्ये आसपासचा मुलूख धरून त्या थरांसाठी 870 कोटी पिंपांचा अंदाज आला.

यात खात्याची चूक काही नाही. भूगर्भातला अंदाज विहीर खोदल्यावर बदलतोच. आपल्याकडे पाणाड्यानं नारळ उभा राहिला म्हणून सांगितलेल्या जागी बोअर मारून तीनशे फुटांवर धुरळाच निघालेला पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण पंधरा वर्षांत बारापट खाली आणि दहापट वर जाणारा आकडा हाताशी असेल, तर सगळी जमीन एका दमात वाटून टाकणं शहाणपणाचं नाही. थोडी उघडावी, काय निघतं ते बघावं, मग पुढचं ठरवावं.

‘म्हणून आपल्याला पेट्रोल महाग’

यावर फार लिहीत नाही. या क्षेत्रातला सध्याचा सर्वांत मोठा प्रकल्प विलो. तो ऐन भरात रोज 1 लाख 80 हजार पिंपं देईल असा अंदाज आहे. जगाला रोज सुमारे 10 कोटी पिंपं लागतात. म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. आपल्या पंपावरचा दर जागतिक बाजार, रुपयाची किंमत आणि केंद्र-राज्याचे कर मिळून ठरतो. अलास्कातल्या सुनावणीचा त्यात हात नाही.

‘आराखडे आणि कोर्टबाजीनं उशीर झाला’

इथं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 2013 च्या आराखड्यानं 1 कोटी 18 लाख एकर, म्हणजे जवळपास निम्मी जमीन, भाडेपट्ट्यांसाठी खुली केली. 2020 मध्ये नव्या सरकारनं ती 1 कोटी 86 लाखांवर नेली. 2022 मध्ये पुढचं सरकार 2013 च्या वळणावर परत आलं, 2024 मध्ये त्यानं 1 कोटी 30 लाख एकरांना संरक्षण देणारा नियम केला. 2025 मध्ये पुन्हा सत्ता बदलली, तो नियम गेला, आणि दहा वर्षांत किमान पाच लिलाव करावेच लागतील असा कायदा झाला. बारा वर्षांत एवढे हेलपाटे. यात कंपनीला भरवसा वाटत नाही आणि नुइक्सुतच्या शिकाऱ्यालाही नाही. मला या सगळ्याचा राग येतो, आणि तो दोन्ही बाजूंच्या सरकारांवर येतो.

पण उशीर आराखड्यामुळं झाला की आराखडा अर्धवट केल्यामुळं, हे तपासायला विलोचाच इतिहास बघा. 2017 च्या सुरुवातीला शोध जाहीर झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये मंजुरी मिळाली. ऑगस्ट 2021 मध्ये कोर्टानं ती रद्द केली, कारण हवामानावरच्या परिणामाचा आणि ध्रुवीय अस्वलांच्या रक्षणाचा हिशेब नीट मांडलेला नव्हता. मग अभ्यास पुन्हा झाला आणि मार्च 2023 मध्ये विहिरी खोदायच्या मागितलेल्या पाच तळांऐवजी तीन तळांना मंजुरी मिळाली. त्यालाही आव्हान दिलं गेलं, पण या वेळी प्रकल्प थांबला नाही. पहिलं तेल 2029 च्या सुमारास अपेक्षित आहे. घाईच्या मंजुरीनं अडीच वर्षं खाल्ली, आणि धड केलेल्या कामावर बांधकाम सुरू झालं. 2006 मध्येही असंच झालं होतं. टेशेकपुकभोवतीचा लिलाव कोर्टानं थांबवला, कारण शेजारच्या क्षेत्रातला आणि इथला एकत्रित परिणाम सरकारनं पाहिलाच नव्हता.

आराखड्याविना खोदलं की काय होतं, हेही याच जमिनीत दिसतं. 1944 ते 1982 या काळात सरकारनंच इथं 136 विहिरी आणि बोअर खोदले आणि बरेचसे तसेच टाकून दिले. गंजलेली पिंपं, उघडी तोंडं. त्यातल्या काहींच्या साफसफाईसाठी 2013 मध्ये संसदेला 5 कोटी डॉलर वेगळे काढावे लागले. आपल्या देशात बघायचं तर आसामातलं बाघजान आठवा. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी, मागुरी-मोटापुंग या पाणथळ तळ्याच्या काठावर, मे 2020 मध्ये नैसर्गिक वायूची विहीर उसळली, जूनमध्ये पेटली, दोन अग्निशमन जवान गेले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. विहीर आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. वस्ती आणि पाणथळ यांच्यापासून विहीर किती लांब हवी, हा प्रश्न आधीच विचारायचा असतो.

आणि हे ‘पर्यावरणवाले विरुद्ध विकास’ असं सरळ भांडणही नाही. उत्तर अलास्कातल्या स्थानिक सरकारचा बहुतेक महसूल तेलाच्या मालमत्तेवरच्या करातून येतो. शाळा, दवाखाने, रस्ते त्यावर चालतात, म्हणून तिथले बरेच इनुपियात विलोच्या बाजूनं बोलले. नुइक्सुतमधले काही जण विरोधात बोलले, कारण धूर आणि कॅरिबूची बदललेली वाट त्यांच्या दाराशी येणार. भाडेपट्ट्याच्या उत्पन्नातला निम्मा वाटा अलास्का राज्याला मिळतो, आणि तो झळ पोचलेल्या गावांना आधी द्यायचा अशी कायद्यात सोय आहे. या लोकांना एकमेकांसमोर बसवणारी सुनावणी काढून टाकली, तर भांडण राहीलच, फक्त ते कागदावर येणार नाही.

‘आपले ओसाड सडे’

आता घरचं. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ किंवा ‘सरकारी पड’ असं लिहिलं की आपल्याला जमीन मेलेली वाटते. पण ती नोंद कशाची आहे? त्यावर पीक निघत नाही आणि सारा बसत नाही, एवढीच. मी दरवर्षी मुलांना घेऊन राधानगरीकडच्या सड्यावर जातो. एका वर्षी धनगरवाड्यावरचे एक म्हातारबाबा आम्हाला कड्याखाली घेऊन गेले. एप्रिल अखेर होती, वर सडा तापून लाल झालेला, आणि खाली जांभ्याच्या फटीतून करंगळीएवढी धार वाहत होती. ‘आमची म्हसरं हिच्यावरच जगत्यात,’ म्हणाले.

ही धार कशी टिकते ते मुलांना तिथंच उभं राहून सांगता येतं. सड्यावरचा जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाळ्याचं पाणी तो पिऊन घेतो आणि कडेच्या झऱ्यांतून महिनोन्महिने सोडत राहतो. असे झरे ओढ्यांना मिळतात, ओढे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीला. त्यांचीच पुढे पंचगंगा होते. आणि बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, असतं ते याच जांभ्याच्या थरात. ते काढायचं म्हणजे पाणी धरून ठेवणारा थरच उचलून न्यायचा. राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवर खाणी होऊन गेल्या आहेत. अॅल्युमिनियम आपल्यालाही लागतं, मी ते नाकारत नाही. माझ्या घराच्या खिडक्या त्याच्याच आहेत.

पश्चिम घाटाच्या नियोजनाचं आपल्याकडे काय झालं तेही बघा. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 ला निघाला, त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. एकामागून एक मसुदेच निघत राहिले. याला नियोजन जास्त झालं असं कसं म्हणता येईल? ते अजून पुरं झालेलंच नाही. बहुतेक गावांत मसुद्याची यादी आली, सोबत ‘तुमची घरं बांधता येणार नाहीत’ अशी अफवा आली, आणि कुठला झरा कुठल्या सड्यावर अवलंबून आहे याचा नकाशा मात्र कुणी आणून दाखवला नाही.

मामेभावाला मी हेच कळवलं. त्याचा मळा भोगावतीच्या काठी आहे. या एप्रिलमध्ये तो माझ्याबरोबर सड्यावर यायला तयार झालाय. म्हातारबाबांनी दाखवलेली ती धार अजून चालू आहे का, ते आम्ही दोघं मिळून बघणार आहोत.