अकरा मिनिटं आणि आईंचे पोहे

दुपारी बँकेतल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, व्हॅल्युएशन थोडंसं कमी आलंय." थोडंसं कमी म्हणजे, कर्जासाठी धरलेली घराची किंमत 61 लाख. पुण्यात वारज्यातला आमचा टू बीएचके, ज्याला गेल्या दिवाळीत खालचा एजंट डोळे मिटून 85 म्हणत होता, त्याला 61. कुकरची शिट्टी होत होती, मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

आमचं होमलोन एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. 2025 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) 6.50 चा 5.25 झाला, बँकांची रेपोला जोडलेली लोन्स भराभर खाली आली, आणि आमच्या कंपनीचा दर तिच्या मनाचा, त्यामुळे आम्ही आपले 9.40 ला चिकटलेलो. म्हणून बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे बाकी कर्ज स्वस्त दराच्या बँकेकडे न्यायचं. 31 लाख बाकी, वर 18 लाखाचा टॉप-अप (त्याच घरावर जादा कर्ज), लेकीच्या इंजिनीअरिंगसाठी. फ्लोटिंग (बदलत्या दराचं) लोन आहे, मुदतीआधी फेडलं तर फोरक्लोजर चार्ज लागत नाही, मला वाटलं दोन आठवड्यांचं काम. आता ही बँक म्हणते टॉप-अप धरून किमतीच्या 70 टक्केच. 61 चे 70 टक्के काढा, त्यातून 31 वजा करा, हातात पावणेबारा पण येत नाहीत.

आणि तो व्हॅल्युअर! मंगळवारी आला. आईंनी (सासूबाई) सकाळपासून पोहे करून ठेवलेले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, कारण त्यांच्या डोक्यात "घर बघायला येणारेत" म्हणजे पाहुणेच. तो आला, बूट न काढता हॉलमधून आत गेला, लेझरने दोन भिंती मोजल्या, मोबाईलवर फोटो, लाईटबिल, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), "ओसी आहे ना?" (म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र), संपलं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं कारण पोहे गार होत होते. टेरेस बंद करून आम्ही लेकीची अभ्यासाची खोली केलीय, तिथे दारातूनच म्हणाला, "हे सँक्शन प्लॅनमध्ये नाही मॅडम, हे धरता येणार नाही."

बरोबर आहे त्याचं, नाहीये मंजूर प्लॅनमध्ये. मान्य.

पण मग मला हे सांगा, 2011 मध्ये बिल्डरने आम्हाला 1010 स्क्वेअर फूट विकले तेव्हा जिना, लिफ्ट, लॉबी, सगळं आमच्या माथी मारलं होतं ना? तेव्हा कुणी नाही म्हणालं की हे धरता येणार नाही! आता मोजताना कार्पेट, म्हणजे फक्त घराच्या आतली जागा, 640. घेताना फ्लॅट हत्तीएवढा आणि गहाण ठेवताना उंदराएवढा, आणि दोन्ही वेळा पैसे आम्हीच भरायचे. लीगल-टेक्निकलचे (कागदपत्रं आणि घर तपासायचे) 5,900 रुपये माझ्या खात्यातून गेले, परत मिळणार नाहीत, आणि रिपोर्टची कॉपी मागितली तर ती मुलगी म्हणते, "ते इंटर्नल असतं." पैसे माझे, घर माझं, पोहे माझ्या सासूचे, आणि रिपोर्ट इंटर्नल.

बँकेला सांभाळून आकडा धरावा लागतो, उद्या आम्ही हप्ते थकवले तर हाच फ्लॅट विकून वसुली करायचीय त्यांना, हे कळतं मला. कळतं म्हणून राग जातो असं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने त्या व्हॅल्युअरलाच फोन लावला. तो बिचारा नीट बोलला, मी समजत होते तसा नव्हता. म्हणाला, "सर, एजंट काय बोलतो ते मला लिहिता येत नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये आणि आसपास जी रजिस्ट्रेशन झालीत, मला तीच बघावी लागतात." मग आम्ही आयजीआरच्या (सरकारी नोंदणी खात्याच्या) साईटवर शोधत बसलो. सहाव्या मजल्यावरचे काका, ज्यांनी मागच्या वर्षी फ्लॅट विकला आणि पार्किंगमध्ये उभं राहून सगळ्यांना पेढे देत 84 ला गेला म्हणून सांगितलं, त्यांच्या इंडेक्स टू वर किती? 62! बाकीचे कुठे गेले ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. बी विंगमधला पण तसाच, 60 आणि वर काहीतरी. म्हणजे चांदणी चौकाचा नवा पूल झाल्यापासून आमच्या एरियाचे भाव वाढले वाढले म्हणून जे आपण सगळे नाचतोय, ते कागदावर वाढलेलेच नाहीत, कारण वाढलेला भाग पिशवीतून गेला. त्या व्हॅल्युअरने पिशवी कुठून मोजायची?

खूप संतापले मी काकांवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला पण घेतलं होतं. मग नवरा नुसता हसला आणि म्हणाला, "2011 आठव." तर ते 2011 फेसबुकवर लिहिण्यासारखं नाहीये, एवढंच सांगते. मेसेज डिलीट केला.

आणि आई मघाशी विचारत होत्या, "त्या मुलाला पोहे आवडले नाहीत का गं, म्हणून कमी लिहिलं?" काय सांगू त्यांना. त्याने बशीला हातच लावला नव्हता, पुढे अजून चार साईट आहेत म्हणाला. तोंड सुकलं होतं त्याचं, हे मला आत्ता टाईप करताना आठवतंय, त्या दिवशी फक्त बूट दिसले होते.

असो. आता दोन गोष्टी करणार. एक, आधी आमच्याच कंपनीला दर कमी करायला सांगणार, थोडी कन्व्हर्जन फी घेतात पण त्याला नवं व्हॅल्युएशन लागत नाही, हे मला आधी कुणी बोललं असतं तर 5,900 वाचले असते. तेवढ्याने हप्ता तरी उतरेल, टॉप-अपचं मग बघू. दोन, ते नाही जमलं तर दुसरी बँक, आणि यावेळी व्हॅल्युअरच्या हातात ओसी, सँक्शन प्लॅन आणि आजूबाजूच्या चांगल्या रजिस्ट्रेशनचे प्रिंटआऊट स्वतः देणार.

तर वारजे, कर्वेनगर, शिवण्याकडे कुणी 2024-25 मध्ये टू बीएचके घेतला किंवा विकला असेल आणि इंडेक्स टू वर पूर्ण रक्कम असेल, तर प्लीज इनबॉक्स करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. 84 पेढ्यातले नकोत.