स्टुलाला पण परवाना!

पुण्यात दुकानापुढे पदपथावर दोन स्टुलं ठेवायची तर महापालिकेचा परवाना, परवान्याला अर्ज, अर्जाला थकबाकी नसल्याचा दाखला, वर शुल्क! अहो, अमृततुल्य आहे, पंचतारांकित हॉटेल नव्हे. जंगली महाराज रस्त्याला रुंद पदपथ केला, बाकं टाकली. झकास! पेठेत या की जरा. इथला पदपथ दीड माणूस रुंद, त्यातही अर्धा विजेच्या डीपीने खाल्लेला आणि उरलेल्यावर दुचाक्या. त्यांची पावती कोण फाडतं? भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आडवा उभा, त्याचं शुल्क? छे, तो लोकसेवेसाठी! आजोबांनी चहाला घटकाभर टेकलं की मात्र लगेच अतिक्रमण. बरं, पैसे भरूनही अतिक्रमणवाल्यांची गाडी येतेच. पावती दाखवेपर्यंत स्टुलं टेम्पोत. सोडवायला परत दंड. मग ते शुल्क कशाचं घेतलं होतं, साहेब? बघण्याचं?