सोसायटीची नोटीस इंग्रजीत कशी लिहावी

सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात? अभिनंदन! आता आधी मराठी विसरा. नोटीस इंग्रजीतच निघाली पाहिजे, नाहीतर फ्लॅटचे भाव पडतात. इंग्रजी येत नाही ही अडचण समजू नका, आजवर कुणी समजलेली नाही.

शेवट नेहमी 'काइंडली डू द नीडफुल' असा करा. हे नीडफुल साहेबाच्या कचेरीतलं. त्याच्या देशात ते कधीच अडगळीत गेलं, आपण अजून रोज झाडूनपुसून वापरतो. नेमकं करायचं काय, ते अर्थातच सांगू नका.

अनेकवचनं सढळ हाताने वाटा: फर्निचर्स, लगेजेस, इन्फर्मेशन्स. तो खर्च 'वन ऑफ द मेंबर' लिहून भरून काढा.

मागच्या गेटवर 'एंट्री फ्रॉम बॅकसाइड'. पाहुणे लाजले तर लाजू देत.

मराठीतल्या 'च'साठी 'ओन्ली' आहेच. मेंटेनन्स 'पे टुडे ओन्ली' असा मागा, म्हणजे उद्यापासून सगळे सुटले.

मीटिंग मात्र खुशाल 'प्रीपोन' करा. तो शब्द आपला आहे, ऑक्सफर्डच्या कोशातही गेलाय. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि हो, 'बाय' आणि 'टिल' यांत फरक करत बसू नका. मराठीत दोन्हीला मिळून एक 'पर्यंत' पुरतो, मग इंग्रजीत दोन कशाला? परवा आमच्याकडे टाकी धुणार होते. लिफ्टशेजारी कागद लागला: 'वॉटर विल बी स्टॉप्ड बाय ५ पी.एम. टुमॉरो'. पुढे चार उद्गारचिन्हं, खाली गोल शिक्का. आम्हाला शाळेत शिकवलेलं, की 'बाय' म्हणजे त्या वेळेच्या आत उरकणार आणि 'टिल' म्हणजे तोवर चालूच राहणार. म्हणजे पाणी जाणार संध्याकाळी, पाचच्या सुमारास. निवांत झोपलो. सकाळी सातला तोंडाला साबण लावला, नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. त्यांना म्हणायचं होतं, पाचपर्यंत पाणी बंद! तळमजल्यावरच्या मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांनी त्या कागदाकडे ढुंकूनही न बघता रात्रीच वॉचमनला विचारलं आणि पिंप भरून ठेवलं. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, तेवढेच त्या दिवशी बिनअंघोळीचे कामावर गेले. सेक्रेटरींना जाब विचारला, तर म्हणतात, "एव्हरीबडी हॅव अंडरस्टूड, काका. यू ओन्ली हॅव डाउट."

डाउट कसला डोंबलाचा? इमारतीचं नाव मराठी, सेक्रेटरी साताऱ्याचे, वॉचमन नांदेडचा, टाकी धुणारी पोरं एकमेकांना शिव्या देत होती तीही मराठीत. मग तो कागद कुणासाठी होता? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच गृहस्थांनी ग्रुपवर 'प्राउड मोमेंट फॉर वी ऑल' टाकलं होतं. इंग्रजी चुकतं म्हणून कुणी फाशी देत नाही हो, परकी भाषा आहे, चुकणारच. पण मिरवायचीच असेल तर आधी शिका. शिकायचा कंटाळा असेल, तर 'उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पाणी येणार नाही' एवढं लिहायला हात मोडला होता का? सहा शब्द आहेत. वॉचमनने मावशींना तेवढेच सांगितले.