मयत हजर असल्याबाबत

गेल्याच्या गेल्या रविवारी मी भर वर्गात मेलो, चांगला पाऊण तास मेलेल्या अवस्थेत फरशीवर पडून राहिलो, आणि तरीही नोटीस बोर्डावर त्या दिवशी माझ्या नावापुढे 'गै' लागला आहे. गैरहजर! अहो, त्या दिवशी वर्गात माझ्याइतकं हजर कुणीच नव्हतं. बाकीचे अधूनमधून मोबाइलमध्ये तरी जाऊन येत होते. मला तीही सोय नव्हती.

पतसंस्थेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्यावर मी एम. ए. इंग्रजीला बाहेरून नाव घातलं. का घातलं ते विचारू नका, तो प्रश्न घरी रोज आमटीबरोबर वाढला जातो. दर रविवारी संपर्कवर्ग असतो, ७५ टक्के हजेरी सक्तीची, आणि पाच रविवार झाले, शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' संपत नाहीये. पहिल्या रविवारी मॅडमनी फळ्यावर सूडनाट्याची लक्षणं लिहिली: खून, भूत, वेड, नाटकातलं नाटक, शेवटी प्रेतांची रास. मूळ रोमच्या सेनेकाकडे, इंग्रजीत थॉमस किडचं 'स्पॅनिश ट्रॅजेडी', मग हा आमचा डेन्मार्कचा राजपुत्र. हे सगळं अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या गाईडमध्ये शब्दन् शब्द आहे. तरी पोरं गाईड मांडीवर उघडं ठेवून फळ्यावरचं वहीत उतरवतात. नाटक कुणी वाचलंय म्हणाल, तर देवाचं नाव घ्या.

पाचव्या रविवारी मॅडमना वाटलं, एखादा प्रवेश करूनच दाखवावा. तिसरा अंक, चौथा प्रवेश. राणीच्या महालात पडद्याआड लपलेला म्हातारा पोलोनियस हॅम्लेटच्या तलवारीनं मरतो, तो. मॅडमनी वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही पोलोनियस." वय बघून वाटप, दुसरं काय! हा पोलोनियस पोराला उपदेश करतो की कर्ज घेऊही नकोस, देऊही नकोस. मी २८ वर्षं त्याच्या नेमकं उलट करून पगार घेतला. पण मॅडमनी शब्द टाकला, नाही कसं म्हणायचं?

मला मरतानाचं एक वाक्य होतं. "ओ, आय ॲम स्लेन!" ते मी आदल्या रात्री हॉलमध्ये तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी ही स्वयंपाकघरातून धावत आली. दुसऱ्या वेळी तिथूनच "काय झालं?" म्हणाली. तिसऱ्या वेळी कुकरची शिट्टी तेवढी झाली.

मूळ नाटकात तो पडदा चित्रं विणलेला, भारी. आमचा पडदा म्हणजे 'स्वच्छता पंधरवडा' असं लिहिलेलं फ्लेक्स. दोन मुलींनी दोन टोकांना धरलेलं. तलवार म्हणजे फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी. आणि हॅम्लेट म्हणजे वर्षभर हजेरीला 'यस मॅम'सुद्धा पुटपुटणारा एक मुलगा. पडद्यामागची चाहूल लागली की हॅम्लेटनं उंदीर, उंदीर असं ओरडून तलवार खुपसायची असते. या मुलानं वर्षभराचा साठवलेला आवाज तिथं काढला. "रॅट! रॅट!" माझ्या बरगडीत पट्टी बसली, मी माझं वाक्य म्हटलं आणि स्वच्छता पंधरवड्याखालच्या त्या फरशीवर पडलो, जिच्यावर दिवाळीपासून झाडू फिरला नसावा.

आणि दारातून खराटा उगारून शिपाई मामा आत आले.

त्यांची चूक नव्हती. ऑफिसात पंधरा दिवस उंदरांनी उच्छाद मांडला होता, मस्टरचे दोन कोपरे कुरतडले होते. "कुठाय?" म्हणत ते बाकांखाली वाकले, तर त्यांना मी दिसलो.

"आगाबाबौ! काकांना काय झालं? शुगर हाय का त्यांना?"

"ते मेलेत, मामा," राणी झालेली मुलगी म्हणाली.

मामांनी टोपी काढली. मग माझं पोट वरखाली होताना बघून परत घातली. "कुणी मारलं?"

हॅम्लेटनं लाजत पट्टी वर केली.

"का रं?"

"काकाला मारायचं होतं."

"मग काकालाच मारलंय की!"

"हे काका नाहीत, मामा. काका वेगळे. ते बाहेर देवाची प्रार्थना करतायत."

मामा खराटा टेकवून पहिल्या बाकावर बसले. नात्यात घोटाळा आहे म्हटल्यावर हा माणूस उठणार नव्हता. "कशावरनं भांडण? जिमीन?"

"राज्य."

"तेच ते. सात-बारा कुनाच्या नावावर?"

आणि मॅडम, ज्या आम्ही शंका विचारल्या तर घड्याळ बघतात, त्या मामांना समजावू लागल्या. डेन्मार्कची गादी आपोआप मुलाकडे जात नव्हती, राजा निवडला जायचा. बाप गेला तेव्हा हॅम्लेट विटेनबर्गला शिकत होता. तो येईपर्यंत काकाची निवड झाली.

"म्हंजे पोरगं हॉस्टेलला, आन् हिकडं फेरफार करून घेतला!"

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं 'फेरफार' लिहून घेतलं. मी खालून बघितलं.

"आन् आई गप बसली?"

"आईनं काकाशीच लग्न केलं. दोन महिन्यांच्या आत."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं. तेराव्याच्या बुंदीवर लग्न उरकलं म्हणा की."

आता सांगतो, हॅम्लेटची पहिल्या अंकातली तक्रार हुबेहूब हीच आहे. मयताच्या जेवणातलं उरलेलं लग्नाच्या पंगतीला थंडगार वाढलं, असं तो मित्राला म्हणतो. हे सांगायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण मी मेलेला.

"पन काकानंच मारलं ह्याला पुरावा काय?"

"बागेत झोपलेल्या बापाच्या कानात विष ओतलं. बापाचं भूतच सांगून गेलं."

"भुताचा जबाब कोर्टात टिकत न्हाय, मॅडम. उद्या दुसरंच कुनी भूत बनून आलं तर?"

गाईडमध्ये 'हॅम्लेटच्या विलंबाची कारणे' अशी पाच कारणं आहेत, १० गुणांना. त्यातलं तिसरं कारण मामांनी खराट्यावर हनुवटी टेकवून दहा मिनिटांत काढलं. आम्हाला पाच रविवार लागले.

मग त्यांची नजर पुन्हा माझ्याकडे वळली. "ते समदं ठीक. ह्या काकांचा काय गुन्हा?"

"काहीच नाही. पडद्यामागं राजाच आहे असं वाटून चुकून मारलं."

मामांनी मला नीट न्याहाळलं. पायातल्या फाटक्या मोज्यापासून टकलापर्यंत.

"हे? राजा?"

वर्ग फुटला. मॅडमही हसल्या. मी डोळे मिटून पडलो होतो, पण कान तर उघडे होते ना! त्यावर कडी म्हणजे ते पुस्तकातच आहे. हॅम्लेट प्रेताकडे बघून म्हणतो, मला वाटलं कुणी मोठा माणूस असेल. मरणाऱ्याचा अपमान करायला शेक्सपिअरनं मामांची वाट पाहिली नव्हती.

पोलोनियस मेल्यावर त्या प्रवेशाच्या पावणेदोनशेहून जास्त ओळी उरतात. हॅम्लेट आईला झाडतो, भूत येतं, भूत जातं, आणि मॅडम प्रत्येक ओळीचा अर्थ सांगतात. खडूची भुकटी नाकात जात होती. वेळ काढायला मी आगरकरांचा विचार करत होतो. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेड लागलंय की त्यांचा छळ चाललाय, यावर 'केसरी'त लिहिलं म्हणून १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि आगरकरांनी तिथं बसून भाषांतर कशाचं करावं? वेडाचं सोंग घेणाऱ्या राजपुत्राच्या नाटकाचं! 'विकारविलसित' या नावानं ते १८८३ साली छापून आलं. पुढे नट गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, करून महाराष्ट्र वेडा केला. दुसऱ्या रविवारी मी हात वर करून हे वर्गात सांगू लागलो होतो. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "काका, ते आपल्याला नाहीये."

नाहीये म्हणजे काय? डेन्मार्क आहे, रोम आहे, आणि डोंगरी नाही? फी भरताना सगळं होतं. संपर्कवर्गाची फी, ग्रंथालयाची फी (ग्रंथालय रविवारी बंद), ओळखपत्राची फी, जे ओळखपत्र अजून आलेलं नाही. त्या १० गुणांच्या पाच कारणांत एखादं कारण विद्यापीठाच्या विलंबाचंही घाला म्हणावं. हॅम्लेट पाचव्या अंकात निदान काकाला मारतो तरी. आमचा पहिल्या सत्राचा निकाल अजून पडद्याआड आहे.

तर याच सुमारास हजेरीचा कागद फिरला. मला तो खालून दिसत होता. या बाकावरून त्या बाकावर, माझ्या अंगावरून. राणीनं सही केली, भुतानं केली, हॅम्लेटनं केली. मेलेल्या माणसाला पेन कोण देणार! शेवटी हॅम्लेटनं पोलोनियसला ओढत शेजारच्या खोलीत न्यायचं असतं. त्या मुलानं माझे दोन्ही घोटे धरले. शर्ट वर सरकला, एक बटण तुटलं, पाठीला उंबरा लागला, आणि मला व्हरांड्यात सोडून तो टाळ्या घ्यायला आत गेला. दार लावून. मामा कागद घेऊन ऑफिसात गेले होते.

काल तो 'गै' बघून मी ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, "सही नाही म्हणजे तुम्ही नव्हतात."

मामा कोपऱ्यात उंदरांचा पिंजरा लावत होते. ते उठून आले. "व्हते, साहेब. मी सवता बघितलंय. मेलेले व्हते."

क्लार्कनं चष्मा वर केला. "लेखी द्या."

मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. विषय: दि. अमुक रोजी वर्गात मृत असल्याने सही राहून गेल्याबाबत. साक्षीदार म्हणून मामांनी खाली सही केली. क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि परत माझ्याकडे सरकवला.

"मृत्यूचा दाखला जोडलेला नाही."