खुलासा: बागेतली गांडुळं आणि 15 दिवसांत खत

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पावसात बाहेर आलेली गांडुळं गोळा करा, ओल्या कचऱ्याच्या डब्यात सोडा, 15 दिवसांत खत तयार. कृपया असं करू नका.

पावसात दिसणारी बहुतेक गांडुळं मातीत बिळं करून राहणारी असतात. डब्यात ती टिकत नाहीत, नाहक मरतात. खतासाठी आयसेनिया फेटिडासारखी लालसर, कुजत्या पाल्यात वरच्या थरात राहणारी जात लागते. ती रोपवाटिकेत किंवा गांडूळखत करणाऱ्यांकडे मिळते. चार वर्षं मी गच्चीत हीच पाळतोय; पहिलं खत हाती यायला जवळजवळ तीन महिने लागले.

आधी ओलसर नारळाचा काथ्या आणि अर्धवट कुजलेलं शेण अंथरा. आठवडाभर काही घालू नका, मग मूठभर भाजीची देठं. लिंबाची सालं, कांदा, तेलकट उरलंसुरलं नकोच. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा डबा सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका. तिशीपुढे गांडुळांना त्रास होतो.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.