दोन रुपये, राहू देत तुम्हाला

शनिवारी एका काकांनी मला दोन रुपये टिप दिली. आज बुधवार आहे आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आमच्या भागात एक मोफत कायदा सल्ला केंद्र आहे, ट्रस्टचं. दर शनिवारी ११ ते १, दोन वकील येतात फुकट. मी त्याची विश्वस्त. वकील नाही हां, मी अकाउंट्सवाली. मैत्रीण म्हणाली "महिन्यातून एक मीटिंग असते फक्त", आणि मी हो म्हटलं. ज्या मीटिंगबद्दल लोक 'फक्त' म्हणतात तिला जाऊ नये, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

तर काका. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, आणि मी टोकनचं रजिस्टर घेऊन बसलेली. आल्या आल्या म्हणाले, "साहेब आलेत का?"

म्हटलं इथे दोन्ही वकील मॅडमच असतात, बसा, नंबर येईल. तक्रार काय?

"गळती."

वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कढीपत्त्याच्या कुंडीतून ह्यांच्या ग्रिलवर पाणी पडतं. फाइलमध्ये भिंतीचे फोटो, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ, आणि एका फोटोत ओल मोजायला पट्टीसुद्धा धरलेली. खुनाच्या केसला एवढा पुरावा नसेल. मी फॉर्म काढला.

"काका, वार्षिक उत्पन्न?"
"कोणाचं?"
"तुमचं."
"मी रिटायर्ड आहे."
"पेन्शन असेल ना?"
"ते उत्पन्न कसं? ते हक्काचं आहे."
"बरं, दुसरं काही? भाडं वगैरे?"
"भाडं येतं, पण ते मुलाच्या खात्यात जातं."
"मुलगा कुठे असतो?"
"कॅनडा. त्याचा काय संबंध? पाणी माझ्या ग्रिलवर पडतंय."

सरकारी मोफत वकिलासाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, आम्हीही तीच धरतो. हे सांगितल्यावर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की कुंडीला पाणी मीच घालते. मग म्हणाले, "तुम्ही नका त्यात पडू, मी मॅडमशी बोलतो. तुम्ही एवढं झेरॉक्स काढून आणा." आणि शंभराची नोट पुढे केली.

आणि मी गेले! का गेले हे मलाही माहीत नाही. वयस्कर माणसाने ठाम आवाजात काही सांगितलं की आपले पाय आपोआप चालतात, लहानपणापासूनची सवय. ४१ पानं, दोन रुपये पान, ८२ झाले, उरले १८. काकांनी सगळी चिल्लर मोजली, मग त्यातलं दोनाचं नाणं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "राहू देत तुम्हाला. आणि आत दोन चहा सांगा."

मी म्हटलं, काका, मी इथली ट्रस्टी आहे.

काका एक सेकंद थांबले. मला वाटलं आता सॉरी येणार. म्हणाले, "अस्सं? मग ह्याची टॅक्ससाठी एटीजीची पावती मिळेल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर सरकारदरबारी मी अजून ट्रस्टी नाहीच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, आमचा अजून सेक्रेटरींच्या पिशवीत आहे. गेल्या तीन मीटिंगा तो विषय पुढे ढकललाय कारण फ्लेक्सवर कोणाचा फोटो आधी हे ठरत नाहीये. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर झेरॉक्स आणणारी बाई हीच माझी पोस्ट.

हे सगळं हसून सोडलं असतं हो. पण काकांनी आत पाऊण तास खाल्ला. एक वकील आली नव्हती, त्यामुळे टेबल एकच. आणि बाहेर बाकावर एक ताई होत्या, तीन घरी पोळ्या करतात, एका घराचा खाडा करून आलेल्या, पोटगीचं प्रकरण. त्यांनी कोर्टाबाहेरच्या कुठल्याशा एजंटला आधीच दोन हजार दिलेले, नुसता "अर्ज लावायला". बाईला उत्पन्न कितीही असो, सरकारकडून वकील मोफत मिळतो, १९८७ च्या कायद्यात सरळ लिहिलंय, कलम १२. १५१०० ला फोन केला तरी माहिती मिळते. पण हे त्यांना ना एजंटने सांगितलं ना आणखी कोणी, आणि आमच्या फ्लेक्सवर हे टाकायला जागा नाही कारण तिथे फोटो येणारेत. मी नंबर लिहून दिला तर म्हणाल्या, "बोलायला जमेल का मला?" आणि एक वाजता गेल्या. काका तेव्हा आत पट्टीचा फोटो दाखवत होते.

रविवारी मीटिंगमध्ये मी हे तावातावाने सांगितलं. सगळे हसले. मग खजिनदार गंभीर होऊन म्हणाले, "केंद्राच्या वेळेत मिळालेत ना? मग जमा दाखवावे लागतील." त्यावर वीस मिनिटं चर्चा, किरकोळ जमा की देणगी. देणगी ठरली. आता देणगीदाराचं नाव-पत्ता हवा म्हणून मला काकांना फोन करायला सांगितलंय.

केला आत्ता. म्हणाले, "बरं झालं केलात, काल रात्री परत गळलं. लिहून घ्या."