‘हरलात तर नवऱ्याच्या वकिलाची फी तुम्ही भरा’ : कोण म्हणतं?

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ‘फॅमिली कोर्टात जाणाऱ्या भगिनींनो, सावधान’. त्यात म्हटलंय : हरलात तर नवऱ्याच्या वकिलाची सगळी फी तुमच्याकडून वसूल होते, जिंकलात तर तुमची फी निकालाच्या दिवशी एकरकमी मिळते, तोवर कर्ज काढा, कमावत्या बाईला काहीच मिळत नाही, कोर्ट फीच हजारोंत जाते. हा मेसेज माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. ती घरी बिड्या वळते. पोटगीच्या अर्जाचे कागद तयार होते, फक्त सही बाकी होती. मेसेज वाचून तिनं वकीलबाईंना ‘आता राहू द्या’ म्हणून कळवलं. म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ नुसार हरणाऱ्यानं खर्च द्यावा असा सर्वसाधारण नियम आहे, एवढं मान्य. पण तो लावायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात, आणि ‘खर्च’ म्हणजे नवऱ्यानं वकिलाला मोजलेले पैसे नव्हेत. वकिलाची फी त्यात नियमातल्या दरानं धरतात. दिल्लीतल्या जागेच्या एका वादात हायकोर्टानं प्रत्यक्ष मोजलेल्या फीच्या हिशेबानं लाखो रुपये खर्च लावला होता. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं (संजीवकुमार जैन विरुद्ध रघुबीर सरन चॅरिटेबल ट्रस्ट) तो नियमांच्या मर्यादेत आणला. तिथे दोन्हीकडे पैसेवाले होते, तरी ही गत. मग बिड्या वळणाऱ्या बाईला लाखांची भीती कशाला घालता? दावा खोटा ठरला म्हणून भरपाई लावायची झाली तरी कलम ३५-अ ची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. नवरा-बायकोच्या दाव्यांत तर निकालपत्राच्या शेवटी बऱ्याचदा एवढंच असतं : ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.’ हां, मुद्दाम तारखा पाडल्या तर दंड बसतो आणि शपथपत्रात खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पण ते दोघांनाही लागू आहे.

दुसरा मुद्दा साफ उलटा आहे. खर्च निकालाची वाट बघत बसून नाही, दावा चालू असतानाच मागायचा असतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ त्यासाठीच आहे. ज्याच्याकडे स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्याला समोरच्याकडून दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी मागता येते. नवऱ्यालाही येते. घटस्फोटाचा दावा त्यानं घातला असला तरी बायकोला हा अर्ज करता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा सांगतो. अर्जात आकडा मांडा : वकिलाची फी, नकला, टायपिंग, दर तारखेचं एसटीचं भाडं. मागितलंच नाही तर कुणी आपणहून देत नाही. पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) असेल, तर तिथेही कार्यवाहीचा खर्च मागता येतो, धर्म कोणताही असो.

हुकूम झाला म्हणजे पैसे हातात पडले असं नाही, हे मात्र खरं. नवरा टाळाटाळ करतो, मग वसुलीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. त्यात बायकांचे जोडे झिजतात. म्हणून तर हुकूम लवकर मिळवायचा.

कमावत्या बाईचं सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजीच स्पष्ट केलंय : बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, त्यावरून ठरतं.

आणि कोर्ट फी? पोटगी, घटस्फोट, छळ या प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना ती १९९४ च्या अधिसूचनेनंच माफ आहे. वकिलालाही पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा, मोफत वकील मिळतो. उत्पन्नाच्या दाखल्यावरून कुणी अडवलं तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.